लेखक पुन्हा चौदा वर्षांचा कसा होतो?

नाशिकचा तुरुंग, १९३३ सालचा फेब्रुवारी. दिवसा तुरुंगातलं काम आणि रात्री, पहाटे लिहिणं असा एका कैद्याचा क्रम चालला होता. गुरुवारी ९ तारखेला त्यानं लिहायला घेतलं आणि सोमवारी १३ तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ तयार झाली. पांडुरंग सदाशिव साने तेव्हा ३३ वर्षांचे होते. ज्या मुलाची गोष्ट ते सांगत होते तो त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान होता, आणि तोही तेच होते.

आता दुसरा प्रसंग, तीस वर्षांनंतरचा. आमच्या शिरपूरवरून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. त्या रस्त्यानं सातपुडा डावीकडे ठेवत चोपड्याच्या पुढं गेलं की यावल तालुका लागतो. तिथल्या सांगवी गावच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. नायक पांडुरंग सांगवीकर गावातून पुण्याला शिकायला जातो, होस्टेलात राहतो, आणि त्याची गोष्ट पंचविशीपाशीच येऊन थांबते. म्हणजे लेखक आणि नायक यांच्या वयात फरक जवळजवळ नाहीच. पुस्तक लिहूनही झालं जेमतेम पंधरवड्यात. (सांगवी आमच्या शिरपूर तालुक्यातही आहे. लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं की ते हेच.)

तिसरा प्रसंग फार लांबचा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या सुझन एलोइझ हिंटन या मुलीनं पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली, कारण तिच्या वयाच्या मुलांसाठी म्हणून जे छापलं जाई त्यात तिच्या शाळेतली खरी मुलं कुठं दिसतच नव्हती. एकीकडं गरीब वस्तीतली टोळी, दुसरीकडं पैसेवाल्यांची. ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये आली. मुलांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील, या धास्तीनं प्रकाशकानं कव्हरवर नुसती आद्याक्षरं घातली : एस. ई. हिंटन. आणि गंमत अशी, की ज्या वर्षी ती हे लिहीत होती त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला ‘डी’ श्रेणी मिळाली होती.

किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्या मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, माझं वय त्यांच्या वाचकांच्या तिप्पट झालं तरी. आणि जितकं वाचतो तितकं एकाच गोष्टीचं नवल वाढत जातं. लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिलंय तो, यांच्यामधली वर्षं जातात कुठं? हिंटनच्या बाबतीत ती जवळजवळ नव्हतीच. नेमाड्यांच्या बाबतीतही नाही. पण मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या. २००४ साली ती आली तेव्हा बोकील पन्नाशीला टेकले होते आणि त्यांचा मुकुंद जोशी नववीत आहे. प्रकाश नारायण संतांचा पहिला लंपन-संग्रह ‘वनवास’ १९९४ चा, संत तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, कऱ्हाडला राहणारे. भा. रा. भागवत १९१० साली जन्मले आणि फास्टर फेणेची पुस्तकं त्यांनी साठी ओलांडल्यावरही लिहिली. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग मारतो आणि तोंडानं ‘ट्टॉक्’ करतो, तेव्हा पायडल मारणारे पाय आजोबांचे आहेत असं वाचताना एकदाही मनात येत नाही.

हे कसं साधतं?

थोडं शास्त्रही इथं मदतीला येतं. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, की त्या सगळ्या वयांत सारख्या विखुरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग बाकीच्यांपेक्षा ठळकपणे उंच निघतो. मानसशास्त्रज्ञांनी हा उंचवटा वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हापुन्हा मोजला आहे. आवडतं पुस्तक, आवडतं गाणं, आवडता सिनेमा विचारला तरी माणसं बहुधा त्याच काळातलं नाव घेतात. कारणांबद्दल मतं अनेक आहेत. त्यातलं पटण्यासारखं एक असं, की त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि ‘मी कोण’ हेही तेव्हाच ठरत असतं, त्यामुळं मेंदू त्या नोंदी जपून ठेवतो. म्हणजे सत्तावन्न वर्षांच्या संतांकडं तेराव्या वर्षाचा साठा चाळिसाव्या वर्षाच्या साठ्यापेक्षा जास्त भरलेला असणार. आणि वाचणाऱ्याकडंही. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या एका बाजार-पाहणीत किशोर-कादंबऱ्या विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांच्या पुढचे निघाले, तेव्हा प्रकाशकांना आश्चर्य वाटलं होतं. मला नाही वाटलं.

पण नुसता साठा असून भागत नाही. आठवणी सांगणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचं ऐकवत नाही. ‘आमच्या वेळी’ हे शब्द आले की समोरचा पोरगा मनातून उठून गेलेला असतो. कादंबरीकाराला हे ‘आमच्या वेळी’ समूळ काढून टाकावं लागतं. तेच अवघड, आणि तेच बघायला मजा येते. त्यासाठी मी एक खेळ करतो. एखादा प्रसंग घ्यायचा आणि तो तीन अंतरांवरून लिहायचा.

प्रसंग आमच्याच तालुक्यातला घेऊ. थाळनेर. तापीच्या उत्तर तीरावर किल्ल्याचे पडके बुरूज अजून उभे आहेत. खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याचं हे पहिलं ठाणं, त्यांच्या कबरी आजही गावात आहेत. लता मंगेशकरांचं आजोळही थाळनेरचंच. पण मला हवा आहे तो दिवस २७ फेब्रुवारी १८१८. होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना देऊन टाकला होता. सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ला ताब्यात घ्यायला आली. किल्लेदार तुळशीराम मामा आधी लढला, मग बाहेर येऊन स्वाधीन झाला. काही इंग्रज अधिकारी थोडे शिपाई घेऊन शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. तिथं आतल्या शिबंदीशी बोलाचाली झाली, एकाचं दुसऱ्याला कळेना, आणि तलवारी चालल्या. मेजर गॉर्डन मारला गेला. मग इंग्रज फौज आत घुसली, तीनशेच्या आसपास शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं.

हे झालं पहिलं अंतर, इतिहासाच्या पुस्तकाचं. सगळं कळतं, कुणीच दिसत नाही.

दुसरं अंतर : ‘त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. आज मागे वळून पाहताना वाटतं, दिंडीत जे घडलं ते टाळता आलं असतं. पण ते वयच असं असतं, की माणूस गप्प राहतो.’ माणूस दिसायला लागला. पण तो म्हातारा आहे, खुर्चीत बसलाय, आणि पोराच्या डोक्यावरून आपल्याशी बोलतोय.

तिसरं : ‘दिंडीतून लाल डगलेवाला वाकून आत आला. त्याच्या बुटाला तापीचा गाळ लागला होता. आमचा जमादार काहीतरी बोलला, साहेब काहीतरी बोलला, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. मला दोघांचं कळलं होतं. मला कुणी विचारलं नाही.’

बघा काय गेलं आणि काय आलं. तारीख गेली, कारण चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात तारीख नसते. ‘आज वाटतं’ गेलं, कारण त्याच्यापुढं उद्या आहे, आज मागे वळायला त्याच्याकडं काही नाही. तह गेला, होळकर गेले. आला तो बुटाचा गाळ. मोठ्या माणसाची नजर बंदुकीवर गेली असती. पोरगा मान खाली घालून उभा आहे, त्याच्या डोळ्यांसमोर बूट आहेत. आणि शेवटी आली ती तक्रार : मला कळत होतं, मला कुणी विचारलं नाही.

माझ्या मते किशोर-कादंबरी म्हणून जो प्रकार आहे त्याचा प्राण या तक्रारीत आहे. लहान मुलाला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, म्हणून त्याचं दुःख वेगळं. मोठ्याला कळतं, आणि थोडंबहुत त्याच्या हातातही असतं. मधल्या वयाला कळायला लागलेलं असतं पण घरात, शाळेत, गावात त्याचं मत कुणी मोजत नाही. ‘शाळा’ एवढी का पोचली याचंही उत्तर मला इथंच सापडतं. बोकिलांनी नववीच्या वर्गातली ती गोष्ट आणीबाणीच्या काळात नेऊन ठेवली. एरवी ज्यांना विचारलं जातं ती मोठी माणसंही त्या काळात गप्प बसवली गेलेली. पोरांची तक्रार एकदम सगळ्या देशाची झाली, आणि तसं पुस्तकात कुठं मोठ्यानं सांगावंही लागलं नाही. मराठीतली ही मला सर्वांत हुशार खेळी वाटते. ‘बोक्या सातबंडे’ मला आवडतो, पण त्याच्यावर जीव जडत नाही. कारण त्याच्या बाजूनं फार लोक आहेत.

मग पुढचा प्रश्न कारागिरीचा. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्या हातून काही घडवायचं तर मोठ्यांना दाराबाहेर काढावं लागतं. जगभरच्या लेखकांनी यावर एकच युक्ती काढलेली दिसते : आईबाप दूर करा. हिंटनच्या पोनीबॉयचे आईवडील अपघातात गेलेले आहेत. हॅरी पॉटर पोरका आहे. लंपन आजी-आजोबांकडं राहतो, आणि त्या पुस्तकाचं नावच ‘वनवास’. फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि सुट्टी लागली की प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत कुठंही उगवतो. आणि ज्यांना पोरकं करायचं नसेल त्यांच्यासाठी होस्टेल. पांडुरंग सांगवीकर तिथं आहेच.

होस्टेल म्हटलं की मला अमळनेर आठवतं. शिरपूरहून तापी ओलांडली की फार लांब नाही. साने गुरुजी तिथं आले ते प्रतापशेठांच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. १९२४ मध्ये ते तिथल्या शाळेत शिक्षक झाले, पुढं छात्रालय त्यांच्याकडं आलं. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. मधल्या वर्षांत त्यांनी एक काम केलं, जे मला ‘श्यामची आई’इतकंच अचाट वाटतं. छात्रालयातल्या मुलांसाठी ते एक दैनिक लिहीत. छापील नाही, हातानं लिहिलेलं. रोज. वाचक कोण, तर खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून तुटलेली, मिसरूड फुटू लागलेली मुलं. जगात त्या काळी फक्त एवढ्या वयाच्या वाचकांसाठी रोज ताजं काही लिहिणारा दुसरा कुणी असेल तर मला त्याला भेटायला आवडेल. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं.

आता ‘श्यामची आई’ पुन्हा उघडून तिची नुसती बांधणी बघा. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, ‘रात्र’ म्हटलंय. आश्रमात प्रार्थना झाली की मित्र जमतात, श्याम आठवण सांगतो, आणि उरलेलं उद्या. रोज संध्याकाळी भुकेल्या मुलांसमोर बसलेल्या माणसालाच ही बांधणी सुचू शकते. आई म्हणून सगळा महाराष्ट्र ज्या पुस्तकावर रडला, आचार्य अत्र्यांनी ज्याचा सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक नेलं, त्या पुस्तकाचा कान मात्र छात्रालयातल्या पोरांचा आहे. ‘धडपडणारी मुले’ आणि ‘धडपडणारा श्याम’ आज कमी वाचली जातात याचं मला वाईट वाटतं. औंधच्या शाळेत एकट्यानं राहून, हातानं शिजवून, कधी उपाशी झोपून शिकणारा तो श्याम आईच्या पुस्तकातल्या श्यामपेक्षा जास्त आपला वाटतो. तो चुकतो, चिडतो, मित्रासाठी वेडा होतो.

हे सगळं होऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी या पुस्तकांना वेगळं कपाट मिळालं. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं या वयाच्या वाचकांसाठी १९५७ मध्ये स्वतंत्र विभाग काढला. आपल्याकडं वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ पासून होता, पण शाळकरी वयाच्या मुलांना हक्काचं आणि खेड्यापर्यंत पोचणारं मासिक म्हणाल तर बालभारतीचं ‘किशोर’, नोव्हेंबर १९७१ पासूनचं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तर २०१० मध्ये सुरू झाला. २०२० चा आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या आबा महाजनांना ‘आबाची गोष्ट’साठी मिळाला तेव्हा खानदेशात बरं वाटलं. तरी वाचनालयातल्या कपाटावर अजून ‘बाल’ आणि ‘ललित’ एवढ्याच चिठ्ठ्या असतात. नववीतला मुलगा ‘बाल’ कपाटाशी उभा राहायला लाजतो आणि ‘ललित’मध्ये त्याला कुणी हात घालू देत नाही. ‘पाडस’ मी असंच मधल्यामध्ये लंपास केलं. मार्जोरी किनन रॉलिंग्जची मूळ कादंबरी १९३८ ची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली की फ्लोरिडाची दलदल मला मे महिन्यातल्या शिरपुरात, पंखा गरम हवा फेकत असताना, ओली लागली.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे, की आपणही एक लिहावी. आणि ती इथलीच असावी. माझे सगळे नायक पुण्या-मुंबईचे, कोकणातले, बेळगावकडचे. तापीकाठची मुलं गोष्टीत येतात ती गाव सोडून जाण्यापुरती. माल मात्र इथं रग्गड पडलाय. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीनं गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर धडे आहेत, पुतळा आहे, पण आदल्या रात्री तो कुणाशी भांडला असेल, कशाला हसला असेल, हे धड्यात येत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा भिल्ल नायक खाज्या १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला आणि पुढच्या वर्षी सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. त्या घाटातून आज ट्रकची रांग चढते. आणि आजचं शिरपूर घ्यायचं म्हटलं तरी ते स्वतःच होस्टेलांचं गाव झालंय. इंजिनिअरिंगची, फार्मसीची पोरं बाहेरून येतात, पाड्यांवरची पावरा मुलं आश्रमशाळांत राहतात. करवंद नाक्यावर संध्याकाळी उभं राहिलं तर पांडुरंग सांगवीकर उलट दिशेनं आल्यासारखा वाटतो.

हिशेबही फार भीतिदायक नाही. ‘द आउटसायडर्स’ पन्नास हजार शब्दांच्या आसपास आहे. रोज वहीचं एक पान, अडीचशे शब्द धरले, तर दोनशे दिवस. शाळेचं एक वर्ष. हिंटननंही बहुतेक काम साधारण तेवढ्यातच उरकलं होतं, तेही वडील आजारी असताना.

माझं मन थाळनेरवर बसलंय. त्या पोराला मी सोडणार नाही. पण त्याची भाषा ठरवल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, आणि हे काम मजेशीर आहे. संतांनी लंपनला कानडी मुलखातली, तिरकी, लाडकी मराठी दिली नसती तर लंपन झालाच नसता. माझा पोरगा घरात अहिराणी बोलणार हे नक्की. बाहेर दंगा ऐकून आई त्याला ‘काय व्हयनं रे?’ असंच विचारेल. पण दिंडीत उभं राहून दोन्हीकडचं कळायला त्याला लष्कराची हिंदुस्थानी यायला हवी. त्या काळी खानदेशच्या किल्ल्यांवर अरब शिपाई असत, म्हणजे चार अरबी शब्दही त्याच्या कानावर पडलेले असणार, बहुतेक शिव्या. मग तो कोण असेल? भटारखान्यातला? घोड्यांना पाणी दाखवणारा? की बाजारात कापसाचे भाव इकडून तिकडं सांगणाऱ्या दलालाचा मुलगा? मला दलालाचा मुलगा आवडतोय. दोन माणसांच्या मध्ये उभं राहून बोलणं इकडचं तिकडं करायची त्याला रोजची सवय. आणि बाप नेमका त्या दिवशी नदीपलीकडं वसुलीला गेलेला.